खून जादूने झाला असेल तर वाचकाने डोकं कुठे लावायचं?

भिंगवाला:
रोनाल्ड नॉक्सचे दहा नियम इथल्या जुन्या रहस्यकथाप्रेमींना माहीत असतीलच. १९२९ साली त्याने मांडले. त्यातला दुसरा नियम असा की दैवी, अतिमानवी शक्तींना रहस्यकथेत थारा नाही. गंमत म्हणजे नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू. देवळात चमत्कार चालतील, खुनाच्या तपासात नाही! त्याच्या एक वर्ष आधी रहस्यकथाकार व्हॅन डाइननेही आपल्या वीस नियमांत प्लँचेट, मनातलं ओळखणं, स्फटिकात बघणं या सगळ्यावर फुली मारली होती.

कारण उघड आहे. मारेकरी भिंतीतून आरपार जाऊ शकत असेल तर बंद खोलीतल्या खुनात राम कसला?

मी आयुष्यभर हाच पक्ष धरून होतो. पण हल्लीच बेन आरोनोविचची 'रिव्हर्स ऑफ लंडन' (२०११) वाचली. आधुनिक लंडन, साधा कॉन्स्टेबल, आणि पहिल्याच प्रकरणात त्याला खुनाचा साक्षीदार भेटतो तो भूत असतो. पुढे जादूगार इन्स्पेक्टर, नद्यांच्या देवता, सगळा मालमसाला. तरीही पुस्तक मिटताना फसवल्यासारखं वाटलं नाही. का नाही वाटलं, हे शोधतोय.

माझा अंदाज असा: जादूला काय जमत नाही हे लेखकाने वेळेवर सांगितलं, तर वाचक खेळात राहतो. आणि जादूने तपास सोपा न होता अवघड व्हायला हवा. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी असल्या कादंबऱ्या वाचल्यात त्यांनी लिहा. रहस्य फोडायचं असेल तर आधी इशारा द्या, एवढी विनंती.

शेवटचे पान:
मी नेहमी शेवटचं पान आधी वाचतो. जादू असो की विष, मला फरक पडत नाही. चालू द्या.

रात्रपाळी:
त्या भुताच्या प्रसंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते अख्खी कादंबरी तिथेच तरते.

कोव्हेंट गार्डनमध्ये सेंट पॉल्स चर्चच्या बाहेर एकाचं मुंडकं उडवलेलं. थंडीची रात्र. बडे अधिकारी आपापलं काम उरकून गेलेत आणि पीटर ग्रँट व त्याची सहकारी लेस्ली यांना जागेवर पहाऱ्याला ठेवलंय. लेस्ली कॉफी आणायला जाते. तेवढ्यात खांबाआडून एक माणूस येतो, जुन्या वळणाचं बोलतो आणि म्हणतो, मी सगळं पाहिलं. दुसरा लेखक असता तर इथे पीटरला घाम फुटला असता, किंकाळी, पळापळ. पीटर काय करतो? जबाब घ्यायला लागतो. नाव काय, कुठे उभे होतात, काय पाहिलंत. भूत दिसल्याचा धक्का बाजूला, आधी पोलिसी सवय.

आणि लगेच खरी अडचण उभी राहते. हा जबाब दाखवायचा कुणाला? साहेबांना काय सांगणार? आधीच या पोराची रवानगी कागदपत्रं सांभाळणाऱ्या विभागात व्हायची चिन्हं आहेत. भूत भेटल्यामुळे कोडं सुटलं नाही, उलट पीटरच्या मागे एक लचांड लागलं. भिंगवाला म्हणतात ते 'अवघड व्हायला हवं' ते हेच.

दुसरं, त्या भुताला सगळं ठाऊक नाही. त्याने पाहिलं तेवढंच तो सांगतो, आणि जे पाहिलं त्याचा अर्थ त्यालाही लागलेला नाही. कुठल्याही जिवंत साक्षीदारासारखाच अर्धवट.

हडळ क्र. ३:
उलटतपासणीत वकील विचारणार, "घटनेच्या वेळी आपण शुद्धीत होता का?" "नाही साहेब, मयत होतो."

अर्धविराम:
भिंगवाला, असहमत. नियम वगैरे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण आहे. असल्या कादंबऱ्या चालतात त्या सांगणाऱ्याच्या तोंडामुळे. पीटर ग्रँट गप्पिष्ट आहे, खवचट आहे, मुद्दा सोडून इमारतींच्या वास्तुकलेवर बोलत सुटतो. तो मला आवडला म्हणून मी पुढे वाचलं. खुनी कोण हे आता विचाराल तर मला धड आठवतही नाही.

जिम बुचरची ड्रेस्डेन मालिका घ्या. पहिलं पुस्तक 'स्टॉर्म फ्रंट', २०००. शिकागोत टेलिफोनच्या यादीत 'जादूगार' म्हणून नाव नोंदवलेला खाजगी गुप्तहेर. कोडं म्हणून त्यात फार दम नाही. पण हॅरी ड्रेस्डेनचं भाड्याचं टेन्शन, पोलीसवाल्या मर्फीशी त्याची खडाखडी, कवटीत राहणारा वात्रट आत्मा, यावर गाडी सुसाट जाते.

भिंगवाला:
अर्धविराम, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटवतो. 'स्टॉर्म फ्रंट'मधले खून जादूने झालेत. जादूने माणूस मारायचा नाही हा त्या जगातल्या जादूगारांचा पहिला कायदा, शिक्षा देहदंड. आणि ड्रेस्डेनच्या डोक्यावर आधीपासूनच टांगती तलवार, कारण त्याने एकदा स्वसंरक्षणार्थ तसा एक जीव घेतलेला. म्हणजे जादूगारांच्या पहारेकऱ्याच्या लेखी संशयित नंबर एक खुद्द आपला नायकच! हा नियम काढून टाका, पेच उरतो का बघा. खवचट बोलणं छानच आहे, पण ते बोलणं ज्याच्यावर ताण आहे अशा माणसाचं आहे म्हणून चुरचुरीत लागतं.

अर्धविराम:
ताण नियमाचा नाही हो, त्या पहारेकऱ्याचा. तो खडूस नसता तर नियम कागदावरच राहिला असता. पात्र आधी, कायदा नंतर.

कोरा कागद:
विज्ञानकथेच्या गल्लीत हाच वाद फार आधी होऊन गेलाय. संपादक जॉन कॅम्पबेलचं म्हणणं होतं की विज्ञानकथेत रहस्यकथा बसूच शकत नाही, कारण गुप्तहेर ऐनवेळी खिशातून एखादं नवंच यंत्र काढेल आणि वाचक तोंडघशी पडेल. आयझॅक असिमोव्हने त्याला उत्तर म्हणून 'द केव्ह्ज ऑफ स्टील' लिहिली, १९५४ मध्ये पुस्तकरूपात आली. त्याने केलं काय? यंत्रमानवांचे तीन नियम, छताखाली बंदिस्त शहरं, उघड्यावर जायला घाबरणारी माणसं, हे सगळं आधी पुढ्यात मांडलं. मग त्यातूनच 'हा खून कुणाला शक्य होता' हा प्रश्न तयार केला.

जादूच्या बाबतीत रँडल गॅरेटचा लॉर्ड डार्सी बघा. त्याच्या जगात जादू हे रीतसर शास्त्र. डार्सी स्वतः जादूगार नाही! जादू येते त्याच्या सहायकाला, मास्टर शॉनला, आणि तो तिचा वापर न्यायवैद्यक तज्ज्ञासारखा करतो. ही गोळी याच बंदुकीतून सुटली का, हे रक्त कुणाचं. तो अहवाल देतो, अक्कल डार्सीने चालवायची. 'टू मेनी मॅजिशियन्स'मध्ये तर जादूगारांच्या अधिवेशनातच बंद खोलीत खून. अख्खी इमारत संशयितांनी भरलेली आणि प्रत्येकाला जादू येते. जादू पुरावा शोधून देते, निष्कर्ष काढून देत नाही. भिंगवालांच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच.

रात्रपाळी:
+१. आरोनोविचकडे हाच वाटा 'व्हेस्टिजिया'चा. जादू झाली की जागेवर, वस्तूवर तिचा ठसा राहतो. दिसत नाही, एखादा वास, आवाज, भावना असा अंगावर येतो. पण तो नेमका काय सांगतोय हे कळायला सराव लागतो, आणि आपल्याच मनाचा खेळ तर नाही ना अशी शंका कायम. शिवाय जादू केली की जवळपासच्या मायक्रोप्रोसेसरची माती होते. पीटर हे नशिबावर सोडत नाही, चक्क प्रयोग करून बघतो: कुठलं उपकरण, किती अंतरावर, चालू होतं की बंद. त्याला जादू शिकवणाऱ्या इन्स्पेक्टर गुरूजींना अशी मोजमापं घ्यायची गरज कधी वाटलीच नव्हती.

म्हणजे मोबाइल आणि मंत्र एकाच वेळी हाताशी नाहीत. लेखकाने एका दगडात दोन पक्षी मारले. आजच्या काळातली रहस्यकथा लिहिताना मोबाइलची सगळ्यांनाच अडचण होते, ती यानं जादूच्या खात्यावर टाकली.

खिडकीतली:
तुम्ही सगळे जादूच्या मागे लागलात, शहर कुणी बघायचं?

चायना मिव्हिलची 'द सिटी अँड द सिटी' (२००९) वाचली नसेल तर वाचा. बेझेल आणि उल कोमा ही दोन शहरं एकाच जागेवर आहेत, काही गल्ल्या तर सामाईक. पण एका शहराच्या नागरिकाने दुसऱ्या शहरातली माणसं, इमारती, गाड्या 'न बघायच्या'. डोळ्यासमोरून गेल्या तरी. लहानपणापासून तसं वळण लावलेलं. चुकून बघितलंत, ओलांडलंत, तर 'ब्रीच' नावाची यंत्रणा उचलून नेते. अशा ठिकाणी एका तरुणीचं प्रेत सापडतं आणि इन्स्पेक्टर बोर्लूला प्रश्न पडतो की ती मेली एका शहरात आणि टाकली दुसऱ्यात का?

यात मंत्र नाही, भूत नाही. पण साक्षीदार रस्त्यावर उभा असूनही 'मी बघितलं नाही' म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो! शेवटाकडे या न बघण्याच्या सवयीचा जो उपयोग करून घेतलाय तो वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि मागची पन्नासेक पानं परत वाचली. सगळं समोर होतं. तपशील सांगत नाही.

हे कथानक उचलून दुसऱ्या गावात नेऊन दाखवा. नाही नेता येणार. माझी कसोटी ही आहे. शहर काढलं तर खून शक्यच होऊ नये. नाहीतर गटारात एक पिशाच्च सोडलं आणि वर निऑन दिवे लावले की झाली शहरी अद्भुतिका!

अर्धविराम:
ती अद्भुतिका आहे का पण? जादू एक कणभर नाही. राजकीय रूपक म्हणा हवं तर.

खिडकीतली:
तिला २०१० चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतिकांचा पुरस्कार, मिळाला, विभागून का होईना. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

टवाळखोर:
मी शेजाऱ्यांना रोज 'न बघतो'. आम्हाला कोण देतंय ह्यूगो?

निवांत:
मराठी धाग्यावर धारपांचं नाव अजून कुणी काढलं नाही? समर्थांच्या कथा विसरलात का? अमानवी प्रकरण घेऊन माणूस दारात येतो, समर्थ ऐकून घेतात, छडा लावतात. आप्पांसारखा सांगणाराही आहे. गुप्तहेर आणि त्याचा मित्र, साचा तोच.

कोरा कागद:
निवांत, धारप माझेही लाडके. पण समर्थांच्या कथेत आपण कोडं सोडवत नाही, आपण घाबरतो आणि समर्थ आले की हुश्श करतो. समर्थांची ताकद कुठे संपते हे आपल्याला माहीत नसतं, आणि नसावंच, तिथला दिलासा त्यातच आहे. तो भयकथेचा बाज. तिथे कुणी 'मला आधी का नाही सांगितलं' म्हणून भांडत नाही.

निवांत:
घाबरता घाबरताही माणूस अंदाज बांधतोच की. मी तरी बांधायचो. असो.

रात्रपाळी:
खिडकीतली, तुमची कसोटी 'रिव्हर्स'ला लावून बघतो. इशारा: खाली रहस्यफोड आहे, न वाचलेल्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

सेंट पॉल्सच्या दर्शनी भिंतीवर खरोखर एक कोरलेला मजकूर आहे. या जागेजवळ पंचचा बाहुल्यांचा खेळ इंग्लंडमध्ये पहिल्यांदा झाला आणि १६६२ मध्ये सॅम्युअल पेपिसने तो पाहिला, अशा अर्थाचा. पेपिसच्या डायरीत त्या मे महिन्यातली नोंदही आहे. कादंबरीतले खून या 'पंच अँड जुडी'च्या खेळाबरहुकूम होताहेत. पंच पोराला फेकतो, बायकोला मारतो, शिपायाला बडवतो, त्याच क्रमाने. म्हणजे गुन्ह्याचा धागादोरा पहिल्या प्रेताशेजारी भिंतीवर लिहिलेला होता, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घटनेचा, आणि आजही कुणीही तिथे जाऊन वाचू शकतो. लेखकाला तो घडवावा लागला नाही, फक्त दिसला. दुसऱ्या शहरात हा खून बसत नाही. खिडकीतलीच्या कसोटीला शंभर गुण.

आता तक्रार. नद्यांचं प्रकरण. टेम्समाई आणि टेम्सबाबा यांची हद्दीची भांडणं, फ्लीट आणि टायबर्न या तिच्या मुली. कल्पना अफाट आहे. फ्लीट आणि टायबर्न या नद्या खरंच लंडनच्या पोटात गाडल्या गेल्यात, रस्त्यांखालून वाहतात. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सची इतकी घाण सुटली की पार्लमेंटचं काम चालेना, मग बॅझलजेट या अभियंत्याने भूमिगत गटारं बांधली. लेखक हे सगळं देवतांच्या कौटुंबिक इतिहासात विरघळवतो. पण खुनाशी त्याचा संबंध? ओढूनताणून. दोन कादंबऱ्या एका बाइंडिंगमध्ये बांधल्यासारखं झालंय.

टवाळखोर:
अरेरे, मी इशारा वाचला नाही. आता मीच पंचनामा करतो.

हडळ क्र. ३:
पंच-नामा. वा. याला बाहेर काढा कुणीतरी.

अर्धविराम:
रात्रपाळी, तुमच्या तक्रारीनेच माझा मुद्दा सिद्ध होतो. नद्यांचा भाग कोड्याला निरुपयोगी आहे आणि वाचकांना लक्षात राहतो तोच. मालिका त्यावर उभी राहिली. बेव्हर्ली ब्रुक ही नदीदेवता काढून टाका आणि फक्त मुंडकी ठेवा, कोण वाचेल दुसरा भाग?

भिंगवाला:
हे मान्य करावं लागेल. पण लक्षात राहणं वेगळं आणि फसवल्यासारखं न वाटणं वेगळं. माझा प्रश्न दुसऱ्याबद्दल होता.

तिसरा मसुदा:
नमस्कार. मी अशीच एक कादंबरी लिहितेय, म्हणून धागा पहिल्यापासून वाचतेय. अडचण अशी: माझ्या तपासनीस बाईला मृताच्या डोळ्यांत त्याने शेवटचं पाहिलेलं दृश्य दिसतं. कल्पना सुचली तेव्हा भारी वाटली. पण मग दुसऱ्या प्रकरणात ती प्रेताजवळ जाते, खुनी दिसतो, कादंबरी संपते. शक्ती काढून टाकू? की खुनी नेहमी मुखवटा घालून येतो असं करू?

कोरा कागद:
मुखवटा नको, ती पळवाट आहे हे वाचकाला लगेच कळतं. शक्ती ठेवा, तिची हद्द आखा. मृताने जिकडे बघितलं तेच दिसणार ना? मागून वार झाला तर समोरची भिंत दिसेल. चष्मा काढलेला असेल तर धूसर. किती सेकंदांचं दृश्य? आवाज येतो का? हे सगळं खुनाशी संबंध नसलेल्या एखाद्या साध्या मृत्यूच्या प्रसंगात आधी दाखवून टाका. वाचक तेव्हा बेसावध असतो.

खिडकीतली:
आरसा! मृताने खुन्याला आरशात पाहिलं. बाईंना डावखुरा माणूस दिसतो, सगळे डावखुऱ्याच्या मागे. खोलीत आरसा आहे हे तुम्ही पहिल्याच पाहणीत लिहिलेलं असलं की झालं.

रात्रपाळी:
आरसा छान, पण अनुभवी वाचक तो लगेच पकडेल. मला दुसराच प्रश्न पडलाय. बाईंची ही शक्ती कुणाकुणाला माहीत आहे? खुन्याला माहीत असेल तर तो मृताला शेवटी भलतंच काहीतरी दाखवेल. एखादा फोटो डोळ्यासमोर धरेल. तोंडावर कापड टाकेल. आणि ज्या क्षणी तुम्ही तसं केलंत त्या क्षणी संशयितांची यादी आखूड झाली. जगाला जादू ठाऊक नाही, मग ज्याने दृश्य बनवलं तो बाईंच्या विश्वासातल्या मोजक्या माणसांपैकीच एक!

भिंगवाला:
रात्रपाळी, जियो! धागा काढल्याचं सार्थक झालं. मी आत्तापर्यंत जादूची हद्द म्हणजे 'तिला काय जमतं' एवढंच बघत होतो. 'तिच्याबद्दल कुणाला माहीत आहे' हीसुद्धा हद्दच, आणि रहस्यकथेच्या दृष्टीने जास्त कामाची. जुन्या कथेत घराची किल्ली कुणाकडे होती, विष कुणाला हाताळता येत होतं, हे विचारायचे. इथे गुपित कुणाकडे होतं हे विचारायचं. आणि ही गंमत जादू लपलेली असेल तरच. डार्सीच्या जगात सगळ्यांनाच जादू ठाऊक, तिथे हा पेच बसणार नाही.

कोरा कागद:
बरोबर. पण एक धोका. गुपित जाणणारी माणसं तीनच असतील आणि त्यातला एक बाईंचा प्रेमळ गुरू असेल, तर वाचक विसाव्या पानावर गुरूकडे बोट दाखवेल. आजकाल गुरू हाच खुनी असतो.

शेवटचे पान:
मी तर पहिल्या पानावरच दाखवतो.

अर्धविराम:
बाई, एक माझंही ऐका. शेवटचं दृश्य बघताना तुमच्या तपासनीस बाईंना काय होतं? दरवेळी कुणाच्या तरी मरणाआधीचा क्षण जगायचा. झोप उडते? चिडचिड होते? दुसऱ्याच्या डोळ्यांनी शेवटचं पोर बघितलं तर घरी गेल्यावर स्वतःच्या पोराकडे बघवतं का? हे लिहाल तर वाचक आरसा-बिरसा माफ करेल.

तिसरा मसुदा:
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. आरसा ठेवतेय, पण खोटा माग म्हणून. डावखुऱ्याच्या मागे बाई स्वतःच धावतील आणि त्यांचा कनिष्ठ सहकारी आरसा दाखवून देईल, मध्यावर. म्हणजे वाचकाला वाटेल कोडं सुटलं. फोटोवाली युक्ती त्यानंतर. गुपित जाणणारे पाच जण केलेत. गुरू आहेत, पण ते तिसऱ्या प्रकरणात मरतात. त्यांच्या डोळ्यांत बाईंना काय दिसतं यावर सध्या अडलेय.

हडळ क्र. ३:
बाई स्वतःच दिसू देत. मग बघा पाचांचे सहा होतात की नाही.

तिसरा मसुदा:
...थांबा. वही कुठे गेली.